पहिलं घर घेण्याआधी हप्त्याची रंगीत तालीम करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवराबायको दोघंही नोकरी करतात, भाड्याच्या घरात राहतात, काही बचत साठली आहे. तुमच्या दोघांच्या पगारावर अमुक इतकं कर्ज मिळेल, असं बँकेने तोंडी सांगितलं आहे. आता किती रक्कम हाताशी असायला हवी, तयारी कुठून सुरू करायची, आणि आणखी थांबलो तर घरांचे भाव आवाक्याबाहेर जातील का, असं त्यांनी विचारलंय. पहिलं घर घेणाऱ्यांना कर्जाबद्दल आणि व्यवहाराबद्दल सल्ला देण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी बँकेने सांगितलेला आकडा बाजूला ठेवा. बँक पाहते ते तिचे पैसे परत येतील का एवढंच. तुम्ही वर्षातून एकदा कुठे फिरायला जाणार की नाही, आईवडिलांच्या औषधांना किती लागतं, मूल झाल्यावर दोघांपैकी कुणी वर्षभर घरी राहणार का, हे बँक विचारत नाही आणि तिने विचारावं अशी अपेक्षाही नाही. तिच्या हिशेबात तुम्ही हप्ता भरत राहिलात की काम झालं. तो भरताना घरात इतर कशाला कात्री लागली, हे तिच्या कागदावर येतच नाही. म्हणून बँक देते ती कर्जाची वरची मर्यादा. तुम्हाला पेलणारा आकडा तुम्हालाच शोधावा लागतो, आणि तो शोधायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे: घर घेण्याआधी वर्षभर त्या घराचा हप्ता भरून पाहायचा.

कसा? तुम्हाला हवं तसं घर डोळ्यासमोर आणा आणि त्याचा महिन्याचा पूर्ण खर्च मांडा. यात नुसता कर्जाचा हप्ता धरू नका. मालमत्ता कर, इमारतीच्या देखभालीची वर्गणी, घराचा विमा आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम हे सगळं त्यात आलं पाहिजे. दुरुस्तीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या एक टक्का धरावा असा ढोबळ नियम सांगतात. जिथे किमतीचा मोठा वाटा जागेचा असतो तिथे तो जास्त वाटेल, जुन्या स्वतंत्र घराला कमीही पडेल. पण शून्य धरण्यापेक्षा तो बरा. या एकूण खर्चातून आज भरता ते भाडं वजा करा. जो फरक उरेल तो पगार झाल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावू नका. ही रंगीत तालीम किमान बारा महिने चालू द्या. तीन-चार महिने कुणीही ओढूनताणून काढतो. वर्षभरात मात्र विम्याचे वार्षिक हप्ते येतात, शाळेची फी येते, कुणाचं आजारपण येतं, गाडी बंद पडते, घरात एखादं कार्य निघतं.

वर्षअखेरीस ते खातं पाहिलं की उत्तर समोर असतं. दर महिन्याला रक्कम गेली आणि घरात फार कुरकुर झाली नाही, तर तो आकडा तुमचा. चार महिने रक्कम टाकता आली नाही किंवा टाकून पुन्हा काढावी लागली, तर घर लहान करा, लांबचं पाहा किंवा आणखी साठवा. हे आत्ता कळणं स्वस्त आहे. कर्ज सुरू झाल्यावर कळलं तर दंड, बिघडलेली पत आणि रात्रीची उडालेली झोप असा त्याचा भाव असतो. शिवाय ही रक्कम तुमच्या डाउन पेमेंटमध्येच जमा होत असते, त्यामुळे तालमीचं वर्ष वाया जात नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी हे ऐकून नाराज होतात, त्यांना लगेच घरं पाहायला जायचं असतं. तरीही मी आग्रह सोडत नाही.

दोघांचे पगार असतील तर तालमीत आणखी एक कसोटी घाला. दोन-तीन महिने एकाच्याच पगारात घरखर्च आणि तो काल्पनिक हप्ता बसतो का पाहा. पूर्ण बसणार नाही, पण तूट किती पडते ते कळेल. एकाची नोकरी गेली तर तेवढी तूट किती महिने बचतीतून भरता येईल, हा हिशेब त्यावरून मांडता येतो.

आता हप्त्याच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण मुदत ठरवताना लोक इथेच फसतात. कर्जाची रक्कम १०० धरू, व्याजदर वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ०.९० येतो. पहिल्या हप्त्यातले ०.७५ व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त ०.१५. पाच वर्षं न चुकता हप्ते भरल्यावरही मुद्दलातले जेमतेम ११ फिटलेले असतात. निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात. वीस वर्षांत तुम्ही एकूण सुमारे २१६ भरता, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होतं.

हप्ता जड वाटला की मुदत वाढवून घेण्याचा सल्ला मिळतो. तेच कर्ज ३० वर्षांचं केलं तर हप्ता ०.९० वरून ०.८० वर येतो, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो. एकूण व्याज मात्र ११६ वरून जवळपास १९० वर जातं. एवढ्याशा सवलतीसाठी फार मोठी किंमत आहे ही. उलट बाजूने पाहा: २० वर्षांच्या कर्जात दर वर्षी एक हप्ता जादा भरत गेलात तर कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं. जादा भरलेली रक्कम सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात जास्त व्याज वाचवते, म्हणून ती मुद्दलातूनच वजा होते ना आणि त्यावर काही आकार लागतो का, हे करारात आधीच पाहून घ्या.

व्याजदर स्थिर आहे की बदलता, यावर मी थोडी रेंगाळणार आहे. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की अनेकदा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली जाते. हप्ता वाढला नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. वरच्याच उदाहरणात दर ९ चा १० झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांचं कर्ज २६ वर्षांच्या पुढे जातं. दर ११ झाला तर महिन्याचं व्याजच ०.९२ होतं, हप्ता ०.९०, म्हणजे हप्त्यातून व्याजसुद्धा पुरतं भागत नाही आणि कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागतं. हे नुसतं कागदावरचं भय नाही. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचा दर डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला ०.१ टक्का होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्के झाला. तिथे दोन किंवा पाच वर्षांपुरता दर बांधून घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे बांधलेली मुदत संपली तसतसे लोक नव्या दराच्या तोंडी गेले. अमेरिकेत ३० वर्षं एकाच दराचं कर्ज सर्रास मिळतं, म्हणून जुन्या कर्जदारांना झळ लागली नाही. नव्या खरेदीदारांना मात्र २०२१ च्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आत मिळणारं कर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडत होतं, आणि तेवढ्याच रकमेचा हप्ता सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होता.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. दर कशाशी जोडला आहे, किती महिन्यांनी बदलतो, आणि वाढला तर हप्ता वाढतो की मुदत. सुरुवातीची एक-दोन वर्षं खास कमी दर देऊन नंतर तो वर जाणार असेल, तर तालीम नंतरच्या दराने करा. आजच्या दरात दोन टक्के मिळवून येणारा हप्ता झेपत असेल तरच मी पुढे जा म्हणते. आणि कर्ज त्याच चलनात घ्या ज्यात तुमचा पगार होतो. पोलंडमध्ये कमी व्याजाच्या मोहाने अनेकांनी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या दरावरची मर्यादा उठवली, फ्रँक एकदम महागला आणि एका दिवसात त्यांचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या चलनात फुगलं. परदेशी नोकरी करून मायदेशी किंवा तिसरीकडेच घर घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

हाताशी किती रक्कम असावी, या प्रश्नाकडे येते. डाउन पेमेंट म्हणजे किमतीचा बँक देत नाही तो भाग, एवढंच धरून लोक साठवत बसतात. पण खरेदीवरचा कर, नोंदणीचा खर्च, वकिलाची आणि मध्यस्थाची फी, बँकेचे प्रक्रियेचे आकार, घर बदलण्याचा खर्च, राहण्याजोगं करण्याचा खर्च हे सगळं बहुतेक ठिकाणी कर्जाबाहेरून, स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे, पण यातले बरेचसे आकार किमतीच्या टक्क्यांत मोजले जातात, म्हणजे घर जितकं महाग तितके तेही मोठे. घर पाहायला निघण्याआधीच तुमच्या भागातले आकडे काढून एका कागदावर मांडा.

त्यानंतर स्वतःला विचारा: घर घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यात किती उरेल? माझ्या मते सहा महिन्यांचा पूर्ण घरखर्च, नव्या हप्त्यासकट, उरलाच पाहिजे. नोकरी बेभरवशाची असेल किंवा स्वतःचा व्यवसाय असेल तर नऊ ते बारा महिन्यांचा. डाउन पेमेंट थोडं वाढवून हप्ता कमी करावा आणि खातं रिकामं करावं, हा व्यवहार मला मान्य नाही. घरात अडकलेला पैसा अडचणीच्या आठवड्यात बाहेर काढता येत नाही.

डाउन पेमेंट जास्त भरल्याने व्याज वाचतं हे खरं, आणि आणखी एक संरक्षणही मिळतं. किमतीच्या २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्जाचे असतील, तर घराचा भाव १० टक्क्यांनी उतरला की तुमचे निम्मे पैसे कागदावर गेलेले असतात. राहायचंच असेल तर हा तोटा कागदावरच राहतो. नाइलाजाने विकावं लागलं तरच तो खरा होतो. म्हणूनच सहा महिन्यांच्या गंगाजळीला मी एवढं महत्त्व देते: पडत्या बाजारात विकायची वेळ तीच टाळते.

ही रक्कम साठवायची कुठे? घर तीन-चार वर्षांत घ्यायचं असेल तर शेअर बाजारात नको. तिथे जास्त परतावा मिळतो हे मी नाकारत नाही, पण त्यासाठी थांबायची सवड लागते आणि तुमच्याकडे तारीख ठरलेली आहे. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात निम्म्याहून अधिक कोसळला. त्याच काळात नोकऱ्याही जात होत्या आणि बँकाही कर्ज देताना हात आखडत होत्या. तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, हीच खरी अडचण. मुदत ठेव, अल्प मुदतीचे रोखे असं जिथे मुद्दल सुरक्षित राहतं तिथे ठेवा. थोडं व्याज कमी पडेल, पडू दे.

पत-नोंदीकडे घर घेण्याच्या वर्षभर आधी लक्ष द्या. स्वतःचा क्रेडिट अहवाल मागवून ओळ न् ओळ वाचा. फेडलेलं कर्ज चालू दिसणं, नावसाधर्म्याने दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर येणं असे घोळ त्यात असतात, आणि दुरुस्त व्हायला वेळ लागतो. गृहकर्जाच्या आधीच्या महिन्यांत नवी गाडी हप्त्यावर घेऊ नका, चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, नोकरी बदलायची असेल तर शक्य तो आधी बदला किंवा नंतर. आणि कर्जमंजुरीपासून पैसे प्रत्यक्ष मिळेपर्यंत तर काहीच हलवू नका. फर्निचर उधारीवर घेतल्याने मंजूर कर्ज अडू शकतं.

घरच्यांची मदत मिळत असेल तर आनंदाची गोष्ट आहे, पण ती भेट आहे की उसनवार, हे लिहून ठेवा. कुणाच्या नावावर घर, कुणाचा किती वाटा, कर्जदार कोण कोण, याबद्दल पती-पत्नींनीही स्पष्ट बोलावं. हे बोलणं अवघड जातं हे मला माहीत आहे. नंतर वकिलासमोर बसून बोलणं त्याहून फार अवघड जातं.

विम्याबद्दल थोडक्यात: कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा दोघांपैकी जो कमावतो त्याच्या नावावर हवा, दोघं कमावत असतील तर दोघांच्या. कर्जासोबत दिला जाणारा विमा बाहेरच्या विम्याशी ताडून पाहा. त्याचा हप्ता कर्जात मिळवला जात असेल तर त्या हप्त्यावरही तुम्ही वीस वर्षं व्याज भरणार आहात.

भाव वाढतील या भीतीबद्दल. वाढतीलही. पण घाईने घेतलेलं घर दोन-तीन वर्षांत विकावं लागलं, तर खरेदीचा कर, विक्रीचा खर्च आणि सुरुवातीच्या हप्त्यांतलं व्याज मिळून भाववाढ खाऊन टाकतात. त्या गावात, त्या नोकरीच्या टप्प्यात किमान पाच-सात वर्षं राहणार असाल तर घराचा विचार करा. नक्की नसेल तर भाडं भरा आणि साठवत राहा. भाड्याचे पैसे वाया जातात असं म्हणणाऱ्यांना मी वरचा हिशेब दाखवते: पहिल्या हप्त्यातल्या ०.९० पैकी ०.७५ सुद्धा तुमच्या घरात जमा होत नाहीत.

आता प्रत्यक्ष घर. एकदा पाहून निर्णय घेऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी जा, रात्री जा, जमलं तर भर पावसात जा. वरच्या मजल्याची टाकी भरायची वेळ, जिन्यातला अंधार, शेजारच्या कारखान्याचा आवाज, गाडी लावायची मारामारी हे रविवारी दुपारी दिसत नाही. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला हात लावा. ओल, पोपडे, पांढरट खारट पूड दिसली तर पाणी कुठून तरी झिरपतं आहे. प्लॅस्टरच्या केसासारख्या बारीक भेगा नेहमीच्याच असतात, पण दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद भेग दिसली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो इंजिनिअर तुम्ही नेमलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. शेजाऱ्यांशी बोला. लिफ्ट, गच्ची, पाइप यांची मोठी दुरुस्ती निघणार आहे का आणि त्यासाठी वर्गणी बसणार आहे का, हे त्यांनाच माहीत असतं.

कागदपत्रांसाठी स्वतःचा वकील लावा. बँकेचा वकील कागद तपासतो म्हणून आपल्याला वेगळ्याची गरज नाही, ही समजूत धोक्याची आहे. तो बँकेचं तारण सुरक्षित आहे का एवढंच पाहतो. तुमच्या वकिलाने मालकी कुणाकडून कुणाकडे आली ती साखळी तपासावी, मालमत्तेवर कुणाचा बोजा किंवा दावा आहे का ते पाहावं, बांधकामाच्या परवानग्या आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क आहे का, आधीची थकबाकी कुणी भरायची, हे सगळं पाहावं. विकणाऱ्याचंच कर्ज बाकी असेल तर तुमच्या पैशातून ते आधी फिटून बोजा उतरण्याची व्यवस्था करारात हवी.

विसार देताना भावनेच्या भरात देऊ नका. पावतीवर किंवा करारात स्पष्ट लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत परत मिळेल. हे एक वाक्य नसल्यामुळे लोकांची कित्येक महिन्यांची बचत अडकलेली मी पाहिली आहे. बांधकाम सुरू असलेलं घर घेत असाल तर भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरायची तयारी ठेवा, आणि ताबा ठरलेल्या तारखेच्या वर्षभर नंतर मिळाला तरी निभावेल का ते पाहा. पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, विकणाऱ्याच्या घाईप्रमाणे नव्हे.

ताबा घेताना यादी हातात ठेवा. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटो काढून नोंदवा, सगळ्या किल्ल्या मोजून घ्या आणि तरीही मुख्य दाराचं कुलूप बदला. देखभालीची आणि कराची जुनी बिलं भरल्याच्या पावत्या मागून घ्या, तुमचं नाव सगळ्या नोंदींवर चढेपर्यंत पाठपुरावा करा. मूळ कागदपत्रं बँक ठेवून घेत असेल तर कोणते कागद दिले त्याची सहीशिक्क्याची पोच घ्या आणि प्रत्येक कागदाची प्रत घराबाहेर एका सुरक्षित जागी ठेवा. शेवटचा हप्ता भरल्यावर याच पोचेवरून एकेक कागद मोजून परत घ्यायचा आहे, आणि सरकारी नोंदीतला बँकेचा बोजा उतरवल्याचा दाखलाही तेव्हाच मागून घ्यायचा आहे.